घोटाघोटाचा हिशेब

बार्शीच्या भुसार बाजारात तीन पिढ्यांची आडत असलेल्या एका गृहस्थांची ही हकिकत आहे. वय ५१, उंची १६८ सेंटिमीटर, वजन १२८ किलो. बारा वर्षांचा मधुमेह, दिवसातून दोन वेळा इन्सुलिन आणि झोपेत श्वास अडकण्याचा असा विकार की पत्नीने रात्रीतून चार वेळा उठून कानोसा घ्यावा. पेढीवर मांडी घालून बसणे पाच वर्षांपूर्वीच सुटले होते. सामायिकालाही खुर्ची लागू लागली होती. अखेर मार्गशीर्षात पुण्याच्या एका रुग्णालयात त्यांच्यावर जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली आणि चौथ्या दिवशी ते घरी परतले. शस्त्रक्रिया दोन तासांत आटोपली होती. त्यानंतरचे पंधरा दिवस केवळ द्रवावर काढणे, हे काम मात्र साऱ्या घराला पुरून उरले.

या शस्त्रक्रियेला वैद्यकात स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात. हिच्यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी एक अरुंद नळी मागे ठेवतात. भरल्या पोटी लिटरभर सामावून घेणारी पिशवी शंभर-दीडशे मिलिलिटरवर येते. कापलेली कड बारीक धातूच्या टाक्यांनी शिवलेली असते. ती सांधण्यास काही आठवडे लागतात आणि आरंभी तिला सूजही असते. या काळात घन पदार्थ आत गेला तर तो अडकतो, नळीतील दाब वाढतो, आणि टाक्यांची रेघ उसवून अन्नरस पोटात पाझरला तर प्राणावर बेतते. म्हणून पहिले एक-दोन दिवस नितळ पाण्यासारखे द्रव, नंतर दोन आठवड्यांपर्यंत दूध व गाळलेली सारे, पुढे घोटलेले मऊ अन्न आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, असा क्रम ठेवतात. दिवसांची संख्या प्रत्येक शल्यचिकित्सकाची थोडी निराळी असते; ज्याने टाके घातले त्याचाच कागद प्रमाण मानावा.

आणखी एक गोष्ट घरच्यांना आधी कळली पाहिजे. काढून टाकलेल्या भागातच भुकेचा संदेश देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तयार होते. कोजिमा व कांगावा या जपानी संशोधकांनी ते १९९९ साली शोधले. हा भाग गेल्यावर आरंभीचे कित्येक दिवस भूक लागतच नाही, आणि थोड्याशा घोटाने पोट भरल्यासारखे होत असल्याने पाणीही आपणहून मागावेसे वाटत नाही. या गृहस्थांच्या मातोश्री, ज्यांना सारे घर ‘बा’ म्हणते, मुलगा काही मागत नाही हे पाहून प्रथम संतोष पावल्या. ‘बघा, किती शांत आहे,’ असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत. ती शांतता फसवी होती. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याच्या नेहमीच्या कारणांत शरीरातील पाणी कमी होणे हे एक ठळक कारण आहे.

आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितले होते की दिवसाला निदान दीड लिटर द्रव पोटात जाणे आवश्यक आहे. मात्र एका वेळी तोंडभर पाणी पिता येत नाही. दर पंधरा मिनिटांनी साधारण ३० मिलिलिटर, तेही दोन-तीन बारीक घोटांत घ्यायचे. पेल्याला नळी लावायची नाही, कारण तिच्यातून हवा आत जाते. सोडावॉटरसारखी फसफसणारी पेये वर्ज्य. घरातील सूनबाई वाणिज्य शाखेच्या पदवीधर. त्यांनी खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे प्लास्टिकचे माप धुऊन घेतले, पेढीवरची एक कोरी लाल वही उघडली आणि डाव्या बाजूस वेळ, उजव्या बाजूस मिलिलिटर, अशी मांडणी केली. सासरे हसले. आयुष्यभर क्विंटलचे हिशेब पाहणाऱ्या माणसाला औषधाच्या मापाने पाणी मोजून मिळत होते. परंतु तिसऱ्याच दिवशी त्याच वहीने एक तूट दाखवली आणि घर गंभीर झाले.

दर पावतासाला ३० म्हणजे ताशी १२० मिलिलिटर. दीड लिटरला साडेबारा तास हवेत. मार्गशीर्षात आपल्याकडे सूर्योदय ते सूर्यास्त हा काळ सुमारे ११ तासांचा असतो. त्यातून नवकारशीची ४८ मिनिटे वजा केली की उरतात दहा तास आणि वर थोडी मिनिटे. एकही पाळी न चुकता घोट घेतले तरी बेरीज १,२२० च्या आसपास थांबते. मधे स्नान, दुपारची डुलकी, डॉक्टरांनी सांगितलेले चालणे. म्हणजे प्रत्यक्षात हजारसुद्धा कठीण. ज्येष्ठ महिन्यात सव्वातेरा तासांचा दिवस असता तर गणित जुळले असते. शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना मुलाच्या परीक्षा पाहिल्या, लग्नसराई पाहिली, तुरीची आवक पाहिली. दिवसाची लांबी कोणी पाहिली नव्हती.

गृहस्थांचा अकरा वर्षांचा चौविहार होता. बांचा साठ वर्षांचा. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही नाही. त्या दिवशी सायंकाळी सूनबाईंनी वही पुढे ठेवली. लघवीचा रंग गडद झाला होता, ओठ सुकले होते, पलंगावरून उठताना अंधारी येत होती. सारे कोणाचेच न बोलता बांकडे पाहू लागले. बा म्हणाल्या, ‘नियम मी दिलेला नाही, तर सोडायला तरी मी कोण?’

सुदैवाने विहारात असलेल्या साध्वीजी महाराज दोन दिवसांसाठी उपाश्रयात थांबल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच पत्नी व सूनबाई वही घेऊन तेथे गेल्या. ‘साहेबजी, अकरा वर्षांचा चौविहार आहे, आणि डॉक्टर रात्रीही पाणी सांगतात,’ असे पत्नीने सांगताच त्यांनी आधी विचारले, ‘डॉक्टर किती दिवस म्हणतात?’ मग म्हणाल्या, ‘पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात ते कशासाठी? माणसाची समाधी टिकावी म्हणून. आजारात रात्री फक्त उकळलेले पाणी घ्यावे, बाकी सर्व दिवसा. बरे झाल्यावर पुन्हा या.’ म्हणजे चौविहाराऐवजी काही काळ तिविहार. सूनबाईंनी तेथेच बसून नवी मांडणी केली: दूध, सार, ताक हे सर्व सूर्यास्तापूर्वी, सहा ते नऊ या तीन तासांत केवळ कोमट पाणी, ३६० मिलिलिटर. एकूण १,५८०. सकाळी उकळलेल्या पाण्याचा हिवाळ्यातील काळ चार प्रहरांचा, म्हणून रात्रीचे पाणी सूर्यास्तापूर्वी निराळे उकळून ठेवायचे. हा एका घराने काढलेला मार्ग झाला. इतरांनी आपले गुरू आणि आपले डॉक्टर या दोघांनाही शस्त्रक्रियेच्या आधी विचारावे. नंतर विचारणे म्हणजे माल उतरवून घेतल्यावर भाव ठरवण्यासारखे आहे.

पाण्याचा प्रश्न सुटला, तोवर प्रथिनांचा उभा राहिला. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत असे कागदावर होते. ती न मिळाल्यास शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळते, अशक्तपणा येतो, जखम भरण्यास वेळ लागतो. बांचा मुगाच्या पाण्यावर अपार विश्वास. आपल्या घरांत तापातून उठलेल्या माणसाला तेच देत आलेले आहेत, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु हिशेब कठोर असतो. १०० ग्रॅम मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने. वाटीभर सारासाठी घेतलेल्या ३० ग्रॅम डाळीत सात. आणि डाळ शिजवून गाळली की त्यांतील बरीचशी गाळणीत राहतात. उरते ते चवदार पाणी. साय काढलेल्या दुधाच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे साडेतीन ग्रॅम, म्हणजे केवळ दुधावर ६० ग्रॅम गाठायचे तर पावणेदोन लिटर दूध लागेल. पातळ ताकात त्याहून कमी. सबब प्रथिनांची भुकटी घेण्यावाचून गत्यंतर नसते. अर्धा लिटर साय काढलेल्या दुधात दिवसभरातून दोन मापे भुकटी मिसळली, तेव्हा कोठे पासष्टचा आकडा दिसला.

भुकटी आणताना हिरव्या ठिपक्यावर समाधान मानून आपली माणसे डबा उचलतात. जरा अधिक पाहावे. दुधाच्या निवळीपासून केलेल्या व्हे प्रथिनांत दूध फाडण्यासाठी वापरलेले विरजण कोणत्या मूळचे होते, हे ज्यांना महत्त्वाचे वाटते त्यांनी उत्पादकास पत्र लिहून विचारावे किंवा वाटाणा, सोयाबीन यांपासून केलेली भुकटी घ्यावी. औषधांच्या वेष्टनावर तशी खूण असतेच असे नाही. बहुतेक मऊ कॅप्सूल आणि जीवनसत्त्वांच्या काही चघळण्याच्या गोळ्या जिलेटिनच्या असतात, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते. वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूल व द्रवरूप औषधे मिळतात, मात्र ती आधी मागावी लागतात. ड जीवनसत्त्व पुष्कळदा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून काढतात. ब-१२ मात्र सूक्ष्मजीवांच्या साह्याने किण्वन करून होते. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून येणारे ‘क्लिअर सूप’ कांदा-गाजराचे असते हे या घराला शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी कळले. तोपर्यंत रुग्णाने दोन घोट घेतले होते. दाखल होतानाच ‘कंदमूळ नाही, लसूण नाही, मध नाही’ असे लेखी दिले असते तर ती खंत टळली असती. घरी दुधीचे व टोमॅटोचे गाळलेले सार, आल्याऐवजी सुंठ, मिठाचे बिनसाखरेचे लिंबूपाणी, तांदळाची निवळ पेज यांवर सहज भागते. द्विदलाचा दोष टाळण्यासाठी न तापवलेले ताक आणि मुगाचे सार यांच्या वेळा निराळ्या ठेवल्या, भांडी निराळी ठेवली. वही असल्याने तेही अवघड गेले नाही.

येथे एक गोड सापळा असतो. पातळ ते सर्व चालते अशी समजूत करून घेऊन आप्त मंडळी आमरस, मिल्कशेक, सरबत, विरघळलेले आइस्क्रीम पुढे करतात. हे पदार्थ अरुंद नळीतून विनासायास उतरतात आणि म्हणूनच घातक ठरतात. जठराला आतड्याची बगल जोडण्याच्या म्हणजे बायपासच्या शस्त्रक्रियेत तर साखर एकदम आतड्यात गेल्यावर घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब असा प्रकार होतो. शिवाय मधुमेही माणसाची साखर या दिवसांत झपाट्याने उतरते. पूर्वीच्याच मात्रेचे इन्सुलिन वा गोळ्या सवयीने घेत राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. या गृहस्थांचे इन्सुलिन घरी परतण्यापूर्वीच निम्म्याहून कमी केले होते आणि सकाळ-संध्याकाळ साखर मोजून आकडा दूरध्वनीवर कळवायचा होता.

इतके सारे नीट चालले असता नवव्या दिवशी घोटाळा झाला, आणि तो पथ्याच्या अज्ञानामुळे झाला नाही. बाजारात सर्वांना ‘हर्नियाचे ऑपरेशन’ असे सांगितले होते. वजनासाठी पोट कापून घेतले असे कळले तर लोक हसतील, ‘खाण्यावर ताबा नाही म्हणून डॉक्टरकडे गेला’ असे म्हणतील. धाकटीचे स्थळ पाहणे चालू आहे, तेथे काय वाटेल? व्यापारी घरांतील ही लाज नवी नाही. दुकानाचे नुकसान लपवणारा माणूस प्रकृतीचे नुकसानही लपवतो. वास्तविक लठ्ठपणा हा केवळ जिभेचा दोष नसून त्यात अनुवंश, संप्रेरके, वर्षानुवर्षांचे बैठे काम या सर्वांचा वाटा असतो, हे वैद्यकाने केव्हाच मान्य केले आहे.

नवव्या दिवशी गृहस्थ तासाभरासाठी पेढीवर गेले. पेढी म्हटली की चहा आला. तो त्यांनी कसाबसा नाकारला. मग जुने दलाल आले, बरोबर घरचे मेथीचे खाकरे. ‘शेठ, हर्नियाला खाकरा काय करतो? वाळलेला आहे, हलका आहे. माझ्या हातचा एक तुकडा घ्या.’ चाळीस वर्षांचा संबंध. पोटात भूक नव्हती, परंतु नऊ दिवस दातांखाली काही आले नव्हते, आणि चावण्याची ती ओढ भुकेहून निराळी व अधिक हट्टी असते. पाव खाकरा त्यांनी पुष्कळ चावून गिळला. दहा मिनिटांत छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखी कळ आली, तोंडाला पाणी सुटले, आणि रात्रीपर्यंत सात वेळा उलटी झाली. घोटभर पाणीही ठरेना. मध्यरात्री गाडी काढून पुणे गाठले.

टाके शाबूत होते. सलाइनच्या दोन बाटल्या आणि ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन यांवर निभावले. सतत उलट्या होत राहिल्यास हे जीवनसत्त्व संपते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टर त्याबाबत वाट पाहत नाहीत. त्यांनी कुटुंबाला ज्या खुणा पाठ करून घेण्यास सांगितल्या त्या प्रत्येक घराने फ्रिजवर चिकटवाव्यात अशा आहेत: मिनिटाला १२० च्या वर टिकून राहणारी नाडी, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, धाप, पोटरीला सूज. यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहायची नाही आणि गल्लीतल्या डॉक्टरांकडून दुखण्याची गोळी आणून ते दडपायचे नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी जठराला व्रण पडू शकतो, म्हणून ती एरवीही डॉक्टरांना विचारल्यावाचून घ्यायची नाहीत.

परतताना गाडीत गृहस्थांनी दलालांना स्वतः दूरध्वनी केला आणि खरे काय ते सांगितले. पलीकडून बराच वेळ उत्तर आले नाही. मग ते म्हणाले, ‘शेठ, आधी सांगितले असते तर मी खाकरा आणलाच नसता.’ दुसऱ्या दिवसापासून पेढीवरच्या चहावाल्याला सांगण्याची जबाबदारी त्यांनीच घेतली. शेठजींसमोर कोमट पाण्याचा पेला येऊ लागला आणि त्याची नोंद पेढीवरून सूनबाईंना जाऊ लागली.

खर्चाबद्दल थोडे. विमा कंपन्या ही शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी केलेली म्हणून नाकारतात, असा समज आहे. विमा नियामकाच्या सध्याच्या प्रमाण शब्दयोजनेनुसार वय १८ पूर्ण असेल, शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व वैद्यकीय निकषांनुसार होत असेल आणि वजन उतरवण्याचे सौम्य उपाय फसल्यावर बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक आणि सोबत हृदयविकार, तीव्र निद्राश्वासरोध, आटोक्याबाहेरचा मधुमेह यांसारखी गंभीर व्याधी असेल, तर केवळ लठ्ठपणा या कारणाने दावा वगळता येत नाही. या गृहस्थांचा बीएमआय ४५ होता. पॉलिसीतील प्रतीक्षाकाळ मात्र तपासावा, आणि पूर्वीच्या आहारोपचारांचे कागद जपून ठेवावेत. आशियाई लोकांत मधुमेह कमी वजनावर जडतो म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आपल्यासाठी २७.५ च्या पुढे या शस्त्रक्रियेचा विचार करण्यास सांगितले आहे. पण वैद्यकाची मर्यादा आणि विम्याची मर्यादा एक नव्हे. ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांचा खर्च आयुष्यभराचा आहे, तोही अंदाजपत्रकात धरावा. आपल्यासारख्या शाकाहारी घरांत ब-१२ मुळातच तोकडे असते.

सोळाव्या दिवशी घोटलेल्या अन्नाची परवानगी मिळाली. बांनी स्वतः मूग-तांदळाची खिचडी गुरगुट्या शिजवून, घोटून, चाळणीतून काढली. आता नियम बदलले होते: जेवणापूर्वी व नंतर अर्धा तास पाणी नाही, एकेक चमचा सावकाश, पोट भरल्याची पहिली जाणीव होताच थांबायचे. बारा तपांतील ऊनोदरीचे व्याख्यान गृहस्थांनी अनेकदा ऐकले होते. पण लहानपणापासून ताटात कण न टाकण्याची आणि थाळी धुऊन पिण्याचीही सवय अंगी होती. वाटीत चारच चमचे वाढले होते. तिसऱ्या चमच्याला छातीखाली दाटल्यासारखे झाले. त्यांनी चमचा खाली ठेवला, वाटीकडे पाहिले, पुन्हा उचलला.

‘ठेव,’ बा म्हणाल्या. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. सूर्यास्ताला अजून अवकाश होता. त्यांनी वाटी आपल्याकडे ओढली, उरलेला चमचा खाल्ला, दोन चमचे उकळलेले पाणी घालून वाटी फिरवली, आणि ते पाणी पिऊन टाकले. सूनबाईंनी वहीत लिहिले: खिचडी, चमचे तीन.